चौथा कागद

१

आमचा अहवाल आमच्याआधी पोचला होता.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला सरांनी आम्हाला मोठ्या टेबलाभोवती बोलावलं आणि पाच पानांचं एक पत्र टेबलावर आपटलं. पत्र एका सॉफ्टवेअर कंपनीचं होतं. शहराच्या ॲम्ब्युलन्स सेवेला नवी संगणक यंत्रणा विकायचा या कंपनीचा बेत होता, म्हणून तिने सेवेच्या संचालकबाईंना हे पत्र लिहिलं होतं. संचालकबाईंनी ते वाचलं आणि तडक आमच्याकडे पाठवून दिलं. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘कंट्रोल रूमचा वेळ फोन घेण्यात जात नाही, तो पत्ता शोधण्यात जातो.’

हे वाक्य मी शंभर वेळा वाचलेलं होतं. ते आमच्या अहवालाच्या सतराव्या पानाचं शीर्षक होतं, अगदी जसंच्या तसं. आणि आमचा अहवाल अजून आमच्याच कपाटात, सील केलेल्या पाकिटात पडून होता. तो दुपारी दोन वाजता संचालकबाईंच्या हातात द्यायचा होता.

आमचं ऑफिस लहानसं आहे. चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, सात माणसं. सरकारी खाती आणि कंपन्या आमच्याकडे येतात आणि विचारतात, कुठलं तंत्रज्ञान घेऊ, कुठलं नको, आणि घेतलंच तर आधी काय आणि मग काय. आम्ही महिनोन् महिने त्यांच्याकडे जाऊन बसतो, माणसांशी बोलतो आणि सल्ला देतो. लोक याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, आणि त्या लोकांत माझा सख्खा भाऊही आहे. पण या कामात आमच्याकडे एकच गोष्ट विकण्यासारखी असते, ती म्हणजे आम्ही कुणाचेच नाही. आमचं पान विकणाऱ्याच्या हाती आधी लागलं, की पुन्हा कोण आम्हाला दारात उभं करणार?

“शब्दन् शब्द आपला आहे,” सर म्हणाले. सर चांगलेच उंच आहेत, आमच्या दारांतून येताना त्यांना मान झुकवावी लागते. आज ते बसायलाही तयार नव्हते. “आपल्या त्रेचाळीस सेकंदांचे त्यांनी चाळीस केलेत, बाकी सगळं तेच. दोन वाजेपर्यंत कुणी फोडलं ते सांगा, नाहीतर अहवाल न उघडताच रद्द, असं बाईंचं म्हणणं आहे.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आणि त्यांच्याकडून एका माणसाचं नाव आलंय. तुझ्या वहिनीचं.”

२

माझी वहिनी ॲम्ब्युलन्स सेवेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. चौदा वर्षं झाली. कुणाचा बाप जिन्यात कोसळलेला असतो, कुणाची बायको कळा देत असते, आणि पलीकडचं माणूस नुसतं किंचाळत असतं. त्या किंचाळण्यातून वहिनी पत्ता काढते. ती खुर्ची म्हणजे तिचा जीव आहे. घरी ती आम्हाला धारेवर धरते आणि तिथे लोण्यासारखी बोलते, असं माझा भाऊ म्हणतो, अर्थात ती ऐकत नसताना.

मी त्या दोघांच्याच घरी राहते. हे नातं मी या कामात आले त्याच दिवशी सरांना लेखी कळवलं होतं, आणि सर तेव्हा हसून “उत्तमच की” असं म्हणाले होते. आता ते त्यांना आठवत नव्हतं. आठवत होतं ते इतकंच, की गेल्या शनिवारी मी अहवालाचा शेवटचा मसुदा घरी नेला होता. मंगळवारी त्या कंपनीचा विक्रेता वहिनीच्या टेबलाशी दहा मिनिटं उभा होता, हे सेवेच्या उपसंचालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. झालं! दोनात दोन मिळवून त्यांनी चार केले होते. वहिनीच्या निलंबनाचा आदेश टाइप होऊन तयार होता, आणि दोन वाजता त्यावर सही होणार होती. चौकशी वर्षभर चालते, कधी दोन वर्षंही, आणि तोवर खुर्ची दुसऱ्याला मिळते.

मी जिन्यात जाऊन वहिनीला फोन लावला.

“बोल,” ती म्हणाली. “बाहेर बाकावर बसवलंय मला. हेडफोन काढून घेतला.”

“वहिनी, शनिवारी माझी पानं टेबलावर होती...”

“होती.”

“तू... वाचलीस का ती?”

पलीकडे बाक करकरला.

“त्यावर तुझा चष्मा होता. तो मोडेल म्हणून उचलून कपाटावर ठेवला. बास.”

“आणि तो विक्रेता?”

“त्यांचं नवं यंत्र दाखवत होता. मी म्हटलं, सगळी बटणं उजवीकडे का, मी डावखुरी आहे. त्यावर त्याने दहा मिनिटं प्रवचन दिलं. तू पाणी प्यायलीस का? आवाज कापतोय तुझा. आधी पाणी पी, बघ, आणि घाबरू नकोस.”

नोकरी तिची जात होती आणि धीर ती मला देत होती. मी फोन ठेवला आणि जिन्यातच रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. डोळे पुसून वर पाहिलं तर वरच्या पायरीवर आमच्या बाई उभ्या होत्या.

“झालं का रडून?” त्या म्हणाल्या. “मग चल. या पत्रात एक मोठी चूक आहे.”

३

बाई आमच्या ऑफिसात अहवाल तपासतात. वय एकसष्ट. आमचं एकही पान त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. खडे राहतात आणि पीठ पुढे जातं, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे चाळणीबाई म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना ते आवडतंही.

त्यांनी सरांच्या समोर पत्र पसरलं आणि ओळीखाली पट्टी धरली.

“पत्ता शोधण्यात दर फोनमागे किती वेळ जातो?”

“त्रेचाळीस सेकंद,” मी म्हटलं. “तीन हजार फोन ऐकून काढलाय तो आकडा.”

“इथे चाळीस आहे.”

“बाई, आकडा गोल केला त्यांनी,” सर वैतागून म्हणाले. “चोरी झाकायला.”

“पुरावा द्यायला वाक्य जसंच्या तसं ठेवलं आणि झाकायला आकडा बदलला? असो. पण मला सांगा, हा माणूस औषध विकतोय. विकणारा दुखणं कमी करून सांगेल का हो? त्रेचाळीसचे त्याने पंचेचाळीस केले असते, पन्नास केले असते. चाळीस करणारा विक्रेता मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही.”

बाई पट्टी खाली सरकवत गेल्या. आमच्या अहवालात रस्त्यांची नावं बदललेले भाग एकतीस होते, पत्रात तीस. आमच्याकडे बंद पडणाऱ्या लाइन्स सात, पत्रात दहा. सगळे आकडे गोल, आणि कधी आमच्याहून जास्त, कधी कमी.

“त्याने आपले आकडे बदललेले नाहीत,” बाई म्हणाल्या. “त्याला आपले आकडे माहीतच नाहीत. त्याच्याकडे भलतंच काहीतरी आहे, आणि ते अहवालाच्या आधीचं आहे. सर, दोन वाजेपर्यंत ही पोरगी मला द्या.”

“न्या,” सर म्हणाले. “पण लक्षात ठेवा, चोर घरातलाच आहे.”

बाईंनी मान डोलावली. “हो, मलाही तसंच वाटतंय.”

४

पहिला नंबर आकडेशास्त्रींचा. हे आमचे हिशेबनीस नव्हेत. मोजमापं घेणं आणि त्यांतून अर्थ काढणं हे त्यांचं काम. माणूस पस्तिशीचा, शर्ट कायम चुरगळलेला. फक्त परवा बुधवारी ते कडक इस्त्री करून आले होते आणि दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून अकरालाच निघून गेले होते. दाताच्या डॉक्टरकडे इस्त्री करून कोण जातं?

“कुठल्या कंपनीत मुलाखत होती?” बाईंनी खुर्ची ओढता ओढता विचारलं.

आकडेशास्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पत्राकडे बोट दाखवलं.

मी ताडकन उठले. बाईंनी मला मनगट धरून खाली बसवलं.

“त्यांनी या कामाबद्दल विचारलं?”

“विचारलं. मी म्हटलं, त्यावर एक शब्द बोलणार नाही. मग त्यांनी चहाही विचारला नाही.” त्यांचा आवाज रडकुंडीला आला होता. “बाई, शपथेवर सांगतो.”

“शपथ राहू द्या. चाळीस, तीस आणि दहा. हे आकडे कुठे पाहिलेत?”

ते पुटपुटत राहिले. चाळीस, तीस, दहा. आणि मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

“सांगाडा!”

सांगाडा म्हणजे आमच्या ऑफिसची जुनी रीत. कामाच्या पहिल्याच दिवशी, कुणाशीही बोलायच्या आधी, सर मोठमोठ्या कागदांवर अहवालाची शीर्षकं जाड पेनाने लिहून टाकतात आणि भिंतीवर चिकटवतात. प्रत्येक शीर्षकाखाली एक अंदाजी आकडा. सगळं मनाने. मग आम्ही दोन महिने ते खोटं पाडायचा प्रयत्न करतो. जे टिकतं ते अहवालात जातं, आकडे मात्र खरे, मोजलेले. चार दिवस त्या खोलीत त्या कामावरच्या माणसांखेरीज कुणी जात नाही, मग सांगाडा उतरवून त्याचे बारीक तुकडे करतात आणि ते अंदाज संगणकात कधीच घालत नाहीत. एकदा टाइप झालेला अंदाज पुढे खरा मानला जातो, असं सर म्हणतात.

“त्या सतराव्या पानाचं वाक्य पहिल्याच दिवशी लिहिलेलं होतं,” आकडेशास्त्री भराभर बोलू लागले. “आम्ही ते पाडायचा खूप प्रयत्न केला, पण ते शेवटपर्यंत टिकलं. आणि त्याच्याखाली चाळीसच होते! मीच विसरलो. सरांचे चार-चार सांगाडे एकाच वेळी चालू असतात, त्यांना कुठून आठवणार?”

मी अक्षरशः उडी मारली. मी या कामात तिसऱ्या आठवड्यात आले! सांगाडा मी पाहिलेलाच नव्हता. मग घरी नेणार काय, आणि वहिनी वाचणार काय?

“नाच नंतर,” बाई म्हणाल्या. “संचालकबाई म्हणतील, तुमचंच ऑफिस, तुमचाच सांगाडा, तुमचीच साक्ष. कोण नाही ते सांगून भागणार नाही. कोण आहे ते सांगावं लागेल. शास्त्रीबुवा, किती कागद होते?”

“सात.” त्यांनी डोळे मिटून सातही शीर्षकं म्हणून दाखवली, शाळेतल्या कवितेसारखी. मी पत्रावर एकेक खूण करत गेले. पहिलं आहे. दुसरं आहे. तिसरं आहे.

“चौथं काय म्हणालात?”

“‘प्रत्येक गाडीत पत्ता दाखवणारा पडदा हवा.’ साठ गाड्या, साठ पडदे.”

मी पत्र दोनदा उलटून पाहिलं. पाचवं होतं, सहावं होतं, सातवंही होतं. चौथं कुठेच नव्हतं.

बाईंचे डोळे चमकले. “विक्रेत्याच्या तोंडाला पाणी सुटेल असं एकच कलम, आणि नेमकं तेच त्याने सोडलं?”

५

ॲम्ब्युलन्स सेवेची इमारत आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. बाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या आठ मिनिटांत पोचल्या. पहिल्या मजल्यावरच्या बोळात वहिनी बाकावर ताठ बसली होती. काचेपलीकडे तिची खुर्ची रिकामी होती आणि शेजारची मुलगी दोन फोन एकदम सांभाळत होती. वहिनीची नजर तिच्या हातांवर होती.

“तिला सांग कुणीतरी,” वहिनी मला म्हणाली, “आधी खूण विचार, मग रस्ता. उलटं करतेय ती.”

मी तिच्याजवळ थांबणार होते, पण बाईंनी मला पुढे ढकललं.

उपसंचालक हे त्या सेवेत संगणकांचं पाहायचे. पहिल्या दिवसाच्या बैठकीला ते आमच्या ऑफिसात आले होते. त्यांनी आम्हाला पाहताच दोन्ही हात वर केले.

“माझा साडू त्या कंपनीत आहे हे तुम्हाला कळलंय, म्हणूनच आलात ना?”

आम्हाला ते माहीतच नव्हतं. बाईंनी मात्र चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

“त्याचंच विचारायला आलो.”

“माझं आणि साडूचं दोन वर्षं बोलणं नाही. बायकोला विचारा. सासऱ्यांच्या घराच्या वाटणीवरून.”

“बरं. पहिल्या दिवशी तुम्ही सांगाडा पाहिलात?”

“पाहिला? भांडलो त्यावर!” ते एकदम खुलले. “तो चौथा कागद. प्रत्येक गाडीत पडदा म्हणे. मी म्हटलं, ड्रायव्हरने रस्ता बघायचा की पडदा? अर्धा तास भांडलो. फाडून टाका म्हटलं तो कागद. तुमचे सर म्हणाले, मोजून ठरवू. ठरलं का हो?”

“अहवाल उघडेल तेव्हा कळेल,” बाई म्हणाल्या आणि इतक्या जोरात उठल्या की खुर्ची मागे गेली. “तुम्ही नाही. धन्यवाद. पण एक विचारते. त्या बाकावरच्या बाईचं नाव तुम्हीच दिलंत ना?”

“मी जे पाहिलं ते सांगितलं.”

“पाहिलंत काय? एक विक्रेता बोलताना. तुमच्याशी बोलतात ते विक्रेते काय मुके असतात?”

उपसंचालक काहीतरी म्हणणार होते. आम्ही थांबलो नाही. घड्याळात पावणेएक वाजला होता.

रस्ता ओलांडताना बाईंनी माझा दंड धरला. मला वाटलं, गाड्यांना घाबरल्या. त्या खरं म्हणजे आनंदाने थरथरत होत्या.

“अगं, ऐक. त्या दिवशी खोलीत तिघंच होते. सरांनी चौथा कागद स्वतः लिहिला. शास्त्रीबुवांना तो तोंडपाठ. उपसंचालक त्यावर अर्धा तास भांडले. तिघांपैकी कुणीही फोडलं असतं, तर त्याने चौथा आधी सांगितला असता!”

“मग?”

“मग ज्याने पत्र लिहिलं, त्याला चौथा कागद दिसलाच नाही. तो खोलीत नव्हता. पण त्याने भिंत पाहिली!”

“खिडकीतून?” मी ओरडले. रस्त्यावरचे दोघं वळून पाहू लागले.

“खिडकीसमोर पाण्याची टाकी आहे. टाकीला डोळे फुटलेत का?”

६

आमच्या ऑफिसातल्या त्या खोलीच्या भिंतीवर चिकटपट्टीच्या खुणा अजून होत्या. सात कागदांच्या अठ्ठावीस खुणा. मी मोजल्या. चौथा बरोबर मधे.

बाईंनी मला भिंतीशी उभं केलं आणि त्या स्वतः दारात गेल्या. “चौथ्यापुढे काय होतं? कपाट? पंखा?”

“काही नव्हतं,” आकडेशास्त्री म्हणाले. “खोली रिकामीच असते. टेबलसुद्धा बाजूला घेतो आम्ही.”

“का घेता?”

“फोटोसाठी.”

बाईंनी सावकाश मान वळवली.

“कसला फोटो?”

“काम सुरू झालं की काढतो ना. दर वेळी काढतो. समोर स्टँडवर फोन, दहा सेकंदांचा टायमर, आणि आम्ही सगळे सांगाड्यापुढे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला उपसंचालक, आणि मधे...” त्यांचं वाक्य तिथेच अडकलं.

मी फोन काढला होता. घाईत इंटरनेटवरचं ऑफिसचं पान तीनदा चुकीचं उघडलं. जगातल्या कुणालाही दिसेल असं आमचं पान. खाली, खाली, आठ आठवडे खाली. आणि तो फोटो आला.

‘नव्या कामाची दमदार सुरुवात! शहराच्या ॲम्ब्युलन्स सेवेसोबत.’

तिघं छान हसत होते. मागे भिंतीवर डावीकडे तीन कागद, उजवीकडे तीन. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. जाड पेनाचं अक्षर लख्ख वाचता येत होतं. ‘कंट्रोल रूमचा वेळ फोन घेण्यात जात नाही.’ खाली चाळीस सेकंद. मधल्या कागदाचा मात्र कोपराही दिसत नव्हता, कारण त्याच्यापुढे एक उंच, रुंद माणूस छाती काढून उभा होता.

फोटो आवडल्याचे अंगठे दोनशे तेरा होते. मी यादी उघडली. अकरावा अंगठा त्या विक्रेत्याचा.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” बाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते सगळे, आणि इथे तर चोरच नव्हता!

“हा फोटो पानावर टाकला कुणी?” बाईंनी विचारलं.

“मी,” दारातून आवाज आला.

सर मान झुकवून उभे होते.

७

दीड वाजायला पाच मिनिटं होती.

सरांनी फोटो पाहिला. मोठा केला, पुन्हा लहान केला, जणू तसं केल्याने तो बदलणार होता. मग ते मटकन खाली बसले. मला त्यांचा राग आला होता, खूप आला होता, पण तो चेहरा पाहून वाईटही वाटलं. वीस वर्षं हा माणूस लोकांना माहिती कशी सांभाळावी ते शिकवत होता, आणि हौसेपायी त्याने स्वतःच हात दाखवून अवलक्षण केलं होतं.

“हे असं मांडता येईल,” ते हळूच म्हणाले, “की प्राथमिक स्वरूपाची काही माहिती, अनवधानाने, सार्वजनिक माध्यमांत उपलब्ध...”

“सर,” बाई म्हणाल्या, “तिथे एक बाई सकाळपासून बाकावर बसली आहे. तुम्हीच तिचं नाव आम्हाला सांगितलंत आणि तिच्या बाजूने एक शब्दही बोलला नाहीत. आता एका वाक्यात सांगा. माणसासकट.”

सरांनी फोन मला परत दिला.

“फोटो मी टाकला,” ते म्हणाले.

“छान. हे असंच तिथे सांगा.”

आणि त्यांनी ते सांगितलं, हे मला कबूल करावंच लागेल. दोनला दहा मिनिटं कमी असताना संचालकबाईंच्या खोलीत, उपसंचालकांदेखत, उभं राहून. काही मांडणी नाही, काही अनवधान नाही. फोटो पुढे ठेवला, तारीख दाखवली, अंगठा दाखवला. मग सीलबंद पाकीट टेबलावर ठेवलं. संचालकबाईंनी ते स्वतःच्या हाताने फोडलं आणि सतरावं पान पत्राशेजारी ठेवलं. त्रेचाळीस आणि चाळीस. एकतीस आणि तीस. मग त्या विसाव्या पानावर गेल्या. चौथं शीर्षक तिथे होतं, पण बदललेलं: पडदा ड्रायव्हरसमोर नको, शेजारी बसणाऱ्या मदतनीसासमोर हवा. उपसंचालकांनी ते वाचलं आणि त्यांना स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटली.

“म्हणजे तुमचा खरा अहवाल फुटलेलाच नाही,” संचालकबाई म्हणाल्या.

“नाही. फुटले ते माझे अंदाज.”

“या कंपनीने तुमचे अंदाज स्वतःचा अभ्यास म्हणून मला विकले तर.” त्यांनी पत्र दोन बोटांनी उचलून बाजूला टाकलं. “त्यांचं मी बघते. तुमच्या अहवालात गोपनीयतेवर एक प्रकरण आहे ना? ते आधी तुमच्या ऑफिसात वाचून दाखवा.” मग त्यांनी निलंबनाचा आदेश पुढे ओढला, त्यावर तिरकी रेघ मारली आणि सही केली.

सर तिथून थेट बोळात गेले. वहिनी उभी राहिली.

“ताई, चूक माझी होती. मला माफ करा.”

“लेखी द्या,” वहिनी म्हणाली.

सरांनी तिथेच, भिंतीवर कागद धरून, लिहून दिलं. वहिनीने ते सावकाश वाचलं, घडी केली, पर्समध्ये ठेवलं आणि काचेपलीकडे गेली. शेजारच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिने आधी एक फोन आपल्याकडे घेतला, मगच खुर्चीत बसली.

संध्याकाळी वहिनी आणि मी बरोबर घरी आलो. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. मी वाटभर बडबडत होते, चिकटपट्टीच्या खुणा, अंगठा, सरांचा चेहरा. वहिनी हं हं करत होती. घरात शिरल्यावर तिने पर्स ठेवली, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“आता सांग. सकाळी तुला वाटलं होतं ना, की मी वाचलं असेल?”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण चौदा वर्षं फोनवर आवाज ऐकणाऱ्या बाईशी खोटं बोलण्यात काय अर्थ होता?

“हो,” मी म्हटलं. “क्षणभर वाटलं. वहिनी, मला लाज वाटते.”

“कळलं होतं मला. तू ‘वाचलीस का’ म्हणालीस तेव्हाच.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस? उलट मला पाणी प्यायला सांगत होतीस.”

“घाबरलेल्या माणसाशी भांडायचं नाही, हा आमचा नियम आहे,” वहिनी म्हणाली. तिने बाह्या वर सारल्या. “आता तू घाबरलेली नाहीस.”

आणि ती भांडली. तासभर भांडली, अगदी पहिल्या वर्षापासूनचं सगळं काढून. माझा भाऊ दारातून डोकावला आणि आल्या पावली परत गेला. मी एकदाही उलट बोलले नाही. मी तिच्या समोर बसून ऐकत राहिले, आणि इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.